तिखाडीची फुलं

बेलघाट्याच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी इथरचा वास यायचा आणि मागून डॉक्टर हस्तकांचा आवाज. दोन्हींनी माणूस सारखाच गार पडायचा. पण आवाज निदान दुपारी जेवायला तरी जाई. इथरला सुट्टी नव्हती. तो चादरींत, भिंतींत, नर्सबाईच्या केसांत मुरून बसलेला असे. पोट कापून वॉर्डात आणलेला रोगी शुद्धीवर येताना पहिला श्वास त्या वासाचा घ्यायचा आणि दुसऱ्या श्वासाला ओकायचा. ओकारी आली की ताज्या टाक्यांना हिसका बसे, रोगी किंचाळे आणि डॉक्टर धावत येत.

"ओकू नका! टाके तुटतील!" ते ओरडत. जसा काही माणूस हौसेनं ओकतो आहे.

हा दवाखाना सावली गावाच्या पुढं, वैनगंगेच्या काठाला. बारा खाटांचा आणि धर्मादाय. बुधरी तिथं झाडूवाली होती. नदीपलीकडच्या जंगलातल्या कोसमटोल्याची ही गोंड बाई. नवरा साग पाडताना गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा डोंग्यात बसून नदी ओलांडली आणि झाडू हातात घेतला त्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत रोग्यांनी तिला ओळखलं ते झाडूच्या आवाजावरून. तोंडाकडं बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

चंदा नर्स मात्र बघायची, आणि बघून ओरडायची. चंदा ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याची लेक, सहा महिन्यांपूर्वीच नागपूरला शिकून आलेली, चोविशीची. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं आणि त्याहून कडक जीभ. बुधरी कधी कमरेला गवताची काडी खोचून आली की लगेच सुरू, "हे जंगल बाहेर ठेव वो! दवाखाना आहे हा, का गोठा आहे?"

पण देवाच्या दरबारात थट्टेला तोटा नाही. पंचावन्न सालच्या आश्विनात चंदाच्याच आतड्याचं शेपूट सुजलं आणि डॉक्टर हस्तकांनी ते कापून टाकलं. कालपर्यंत जी रोग्यांच्या तोंडाखाली भांडं धरायची, तीच आता खाटेवर आडवी पडून भांडं मागत होती. तीनदा ओकली. चौथ्यांदा ओकायला पोटात काही उरलं नव्हतं, तरी पोट ऐकेना. टाक्यांवर हात दाबून ती रडायला लागली. डॉक्टर नुकतेच आंघोळीला गेले होते. वॉर्डात बुधरीच काय ती होती.

बुधरीनं झाडू भिंतीला टेकवला, हात धुतले आणि कनवटीतून बोटाएवढी बाटली काढली. तोंडाला लाखेचं बूच. एका चिंधीवर दोन थेंब टाकले, चिंधी हवेत दोनदा झटकली आणि उशीच्या कडेला अडकवली.

"नाकानं घ्या. हरू हरू. घाई नोका करू."

चंदानं घेतलं. गुलाबासारखा, पण गुलाबाइतका गोड नाही. लिंबासारखा, पण लिंबाइतका आंबट नाही. पाऊस उघडल्यावर माळावर येतो तसा काहीतरी वास होता. इथर मागं सरला. दहाएक श्वासांनी पोटाची मूठ सुटली.

"काय आहे वो हे?"

"तिखाडी."

"गवत?"

"गवतच."

ज्या गवतावरून सहा महिने ओरडली, त्याच्याच वासात चंदा चार तास झोपली. बुधरी खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिली आणि चिंधी सुकली की नवा थेंब टाकत राहिली. त्या दिवशी अर्धा वॉर्ड झाडायचा राहून गेला.

तिखाडीचं बुधरीला नवल नव्हतं. कोसमटोल्याच्या नाल्यावर ठेकेदाराची भट्टी लागे. गवत फुलावर आलं की कापून कढईत कोंबायचं, खाली जाळ, वरच्या झाकणातून वाफ बांबूच्या नळीनं नाल्याच्या थंड पाण्यातल्या हंड्यात. वर तरंगणारं तेल ठेकेदाराच्या डब्यात जाई आणि खाली उरलेलं वासाचं पाणी मजुरांना मिळे. बुधरीची माय त्या भट्टीवर जन्मभर राबली. गावात कुणाला अस्वलानं फाडलं, कुणी झाडावरून पडलं, तर माय उशाशी तिखाडी लावायची. जखम भरायची ती आपल्या मर्जीनं, पण माणूस तोवर शांत पडून राही. मायनं बुधरीला एवढंच शिकवलं होतं: तेल कापडाले, पाणी कपाळाले, आन जखमेले काईच नाई. तेल आगीतून आलेलं असतं, ते आग विसरत नाही, असं माय म्हणे.

तिसऱ्या दिवशी चंदानं उठून बसत विचारलं, "तू माही कोण लागतेस वो?"

"कोणी नाई. झाडूवाली."

"मंग कोणीतरी लाग ना."

बुधरीला वाटलं ताप चढला. कपाळाला हात लावून पाहिला, तर ताप नव्हता. मग ती हसली. हसत हसतच तिनं सांगून टाकलं की आमच्याकडं असं लागायची एक रीत आहे. रक्ताचं नातं नसलं तरी दोन बायका एकमेकींच्या 'फूल' होतात. सांगताना तिला वाटलं, नर्सबाई ऐकेल आणि विसरून जाईल. शिकलेल्या माणसाची दया म्हणजे तव्यावरचं पाणी, हे तिला ठाऊक होतं. पण ही बया विसरली नाही. टाके निघाले, पोटात जोर आला आणि दिवाळीनंतर चंदा खरोखरच डोंग्यात बसून कोसमटोल्याला आली.

बुधरीची शेजारीण मंगली नव्या तांदळाची टोपली धरून मधे उभी राहिली. दोघींनी तिखाडीचा एकेक तुरा एकमेकींच्या कानामागं खोचला, तांदळाचे पाच दाणे एकमेकींच्या हातावर ठेवले. मग मंगलीनं नियम सांगितला.

"आजपासून इचं नाव तू घ्याचं नाई, तुह्यं नाव इनं घ्याचं नाई. हाक माराची तं फूल म्हणून."

"आन चुकून घेतलं तं?" चंदानं डोळे मोठे करून विचारलं.

"चुकून कोणी घेत नाई. मेल्यावर मातीपाशी घेतेत, एकडाव. नावानं हाक मारून सांगतेत का आता जाय, आपलं संपलं. मंग चिमूटभर माती टाकतेत."

"मंग तू आधी मरू नोको, फूल," चंदा म्हणाली, आणि सगळ्या बायका खळखळून हसल्या. बुधरीलाही हसू आलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी स्वतःहून आपलं म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात मग गंमत झाली. कडक इस्त्रीची नर्स झाडूवालीला भर वॉर्डात "फूल, इकडं ये वो" अशी हाक मारू लागली. कंपाउंडर नथ्थू तोंड वेंगाडून म्हणे, "एक गुलाब, एक धोतरा." चंदा त्याला म्हणे, "आन मधात तू काटा." आता बुधरीच्या कनवटीतल्या बाटलीला वॉर्डात मान आला. कुणी कापून बाहेर आला की चंदा नाडी बघे आणि बुधरी चिंधी अडकवी. तापलेल्या कपाळाला वासाच्या पाण्याची पट्टी. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा. डॉक्टरांच्या औषधात कुणी ढवळाढवळ करत नव्हतं. सुई, गोळी, मलमपट्टी सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त रोगी आता ओकत कमी होते आणि झोपत जास्त होते.

डॉक्टर हस्तकांचा आधी विश्वास बसला नाही. विश्वास हा त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. त्यांनी फर्मान काढलं: एक खाट वासाची, एक बिनवासाची, असं महिनाभर करून बघायचं आणि चंदानं टिपून ठेवायचं. आठवड्यातच बिनवासाच्या खाटांवर बंड झालं. हर्निया कापलेली शकुबाई तर टाके सांभाळत उठली आणि शेजारच्या खाटेवर जाऊन बसली. "मले बिनवासाचं मराचं नाई," तिनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. डॉक्टर खूप ओरडले, पण महिन्याअखेर चंदाची टिपणं वाचून गप्प झाले. मग बुधरीला बोलावलं.

"हे बघ, यानं जखम भरत नाही," ते म्हणाले. "पण माणूस निवांत पडून राहतो, आणि पडून राहिला की जखम भरायला अडचण येत नाही. एवढंच. जास्त डोक्यात जाऊ देऊ नकोस."

एवढं बोलून त्यांनी खाटेशेजारचं लाकडी स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं. "बस. जमिनीवर बसून चिंधी बदलता येते का?"

त्या स्टुलावर डॉक्टर बसत आणि नर्स बसे. बुधरी भीत भीत कडेला टेकली, अर्धा भार पायांवरच ठेवून. पण बसली. ट्रस्टानं मंजूर केलं की झाडू सुटेल आणि वॉर्डची आया म्हणून कायमची नेमणूक होईल, असं डॉक्टरांनी चंदाजवळ म्हटलं आणि चंदानं पळत येऊन तिला सांगितलं. पगाराचं तिला फार नव्हतं. ते स्टूल आपलं झालं, कापलेलं माणूस डोळे उघडल्यावर आधी आपल्याला शोधतं, हे तिला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही तिनं इतकं हवं म्हटलं नव्हतं.

वर्ष असं गेलं. छप्पन्नच्या दिवाळीत आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला. कागदावरच, जिल्हा बिचारा जागचा हलला नाही. पण राज्य नवं म्हणून साहेबही नवे. मोठे सर्जनसाहेब सगळे दवाखाने बघत फिरत होते आणि शनिवारी बेलघाट्याला येणार होते. डॉक्टर हस्तकांनी भिंतींना चुना लावून घेतला. चंदानं टिपणांची वही नव्या कागदावर उतरवून काढली. साहेबांपुढं वही ठेवायची, आपलं नाव व्हायचं, नागपूरला मोठ्या दवाखान्यात बदली मागायची, असं तिच्या मनात होतं. ते तिनं बुधरीला सांगितलंही होतं. बुधरीला त्यात वावगं वाटलं नाही. फूल वर गेलं तर देठानं कशाला रडावं?

त्याच आठवड्यात मूल गावच्या धानगिरणीचे मालक गुणवंतराव हर्नियाचं ऑपरेशन करून वॉर्डात आले. दवाखान्याच्या ट्रस्टात त्यांचा शब्द चाले. माणूस मोठा, त्यामुळं कण्हणंही मोठं. तिखाडीची चिंधी नाकाशी धरून ते बुधरीला म्हणाले, "बाई, असं अत्तर तं लग्नातबी नाई भेटलं मले. जास्त टाक ना. काऊन चिंगूसपणा करून राह्यली?"

"जास्त टाकलं तं डोकं चढते, भाऊ," बुधरी म्हणाली आणि दोनच थेंब टाकले.

बुधवारी तिला गावी जायचं होतं. नव्या धानाचा पंडुम, गोंडांचा सण होता. नवं धान देवाला दाखवल्याशिवाय कोसमटोल्यात कुणी तोंडात घालत नाही, आणि त्याला घरचं माणूस हजर लागतं. चंदानं तिला दोन दिवस जा म्हटलं. डॉक्टरांना विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही, ते चुन्याच्या बादल्यांमागं धावत होते. जाताना बुधरीनं कनवटीची बाटली पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात ठेवली.

"ध्यानात आहे ना फूल? तेल कापडाले, पाणी कपाळाले..."

"आन जखमेले काईच नाई. शंभर डाव आयकलं वो. जाय तू."

बुधरी पंडुम करून, नव्या तांदळाची पुरचुंडी फुलासाठी कमरेला बांधून, शनिवारी सकाळी पहिल्या डोंग्यानं परतली. दवाखान्याच्या आवारातच तिला गुणवंतरावांची बोंब ऐकू आली. ती पळत वॉर्डात शिरली. गुणवंतराव खाटेवर तडफडत होते, आणि चंदा पांढरीफटक होऊन पट्टी सोडत होती. पट्टी सुटली तसा वॉर्डभर वास सुटला. तो चिंधीवरचा वास नव्हता. बाटली उपडी केल्यासारखा वास होता. टाक्यांच्या भोवती मांडीपर्यंत कातडी लालभडक होऊन फोड धरले होते.

 बुधरीनं तिळाचं तेल मागवलं, बोळ्यानं हलक्या हातानं फोडांच्या कडेकडेनं पुसत गेली, टाक्यांना धक्का लागू दिला नाही. हळूहळू गुणवंतरावांची बोंब कण्हण्यावर आली. तेव्हा चंदानं तिला दंडाला धरून पडद्याआड नेलं.

"फूल, मी लावलं. ते म्हणत होते का वासानं एवढा आराम पडते तं जखमेवर लाव, लवकर भरीन. मले वाटलं साहेब येतीन तवा ते चालत असतीन. शिसीतलं सगळं पट्टीत ओतलं वो मी." तिनं पडदा घट्ट ओढून घेतला. "कोणाले सांगू नोको. माह्यी नोकरी जाईन."

बुधरीला राग आला, नाही असं नाही. शंभरदा सांगितलेलं एकदाही कानात शिरलं नव्हतं. पण समोरचं पोर भेदरलं होतं, आणि ते तिचं फूल होतं.

"नाई सांगत," ती म्हणाली. "जखम बसून जाईन. चार दिस आग होईन, बस." आणि कमरेची पुरचुंडी सोडून चंदाच्या हातात दिली. "नवं धान आहे. तुह्यासाठी."

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. सर्जनसाहेब, मागं डॉक्टर हस्तक, मागं ट्रस्टाचे दोघे, अशी वरात वॉर्डात शिरली आणि नेमकी गुणवंतरावांच्या खाटेशी थांबली. साहेबांनी चादर उचलली, पाहिलं, नाक आक्रसलं.

"जखमेवर हे कुणी लावलं?"

गुणवंतरावांनी डोळे मिटून घेतले. लावायला आपणच सांगितलं होतं हे त्यांना चांगलं आठवत होतं. मोठ्या माणसांना अशा वेळी ग्लानी येते. डॉक्टर हस्तकांनी चंदाकडं पाहिलं. "ड्रेसिंग तुमच्याकडं आहे. कुणी लावलं?"

चंदाच्या एका हातात टिपणांची नवी वही होती. दुसऱ्या हातात तांदळाची पुरचुंडी होती. बुधरी तिच्याकडं बघत होती, मनात म्हणत होती, काहीतरी सांग फूल, चूक झाली म्हण, सावरून घेतील.

"बुधरीनं," चंदा म्हणाली.

वर्षभरात ते नाव तिच्या तोंडून आलं नव्हतं. बुधरीला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं. मग चंदानं आणखी स्पष्ट, मोठ्यानं सांगितलं, "बुधरी झाडूवालीनं लावलं, सर. मी नको म्हटलं होतं."

मातीपाशी घेतात तसंच ते नाव आलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकदाचं.   फसवणूक बुधरीनं पाहिली नव्हती असं नाही. ठेकेदार फसवे, जंगलशिपाई फसवे, पण ती परकी माणसं, त्यांच्याकडून आधीच काही मागितलेलं नसे. इथं तिनं आपलं सगळं ठेवलं होतं.

"काय गं?" डॉक्टर हस्तक म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. "तू लावलंस? तूच तर सगळ्यांना सांगायचीस, जखमेला लावायचं नाही म्हणून. बोल."

बोलायला हवं होतं. दोन दिवस ती गावी होती. डोंगेवाला साक्ष होता, मंगली साक्ष होती, अख्खा कोसमटोला साक्ष होता. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, ओरडून म्हटलं असतं. पण बुधरीच्या जिभेवर तिच्या माणसांची रीत बसली होती. जिचं नाव मातीपाशी घेतलं, तिनं उठून बोलायचं नसतं. मेलेलं माणूस वाद घालत नाही. आणि पडद्याआड 'नाई सांगत' म्हटलं होतं, तो शब्द जिवंतपणी दिलेला होता. तो मोडला तर मग दोघींत फरक काय राहिला?

 डॉक्टरांनी बराच वेळ वाट पाहिली. त्यांना ती तोंडानं नाही म्हणायला हवी होती. ती म्हणेना तसे ते चिडले, आणि मग नेहमीचे हस्तक झाले. "चालती हो! आणि या वॉर्डात पुन्हा ते गवत दिसता कामा नये. औषध सोडून एक वास नको मला इथं!"

नथ्थूनं ते स्टूल उचलून दाराआड नेऊन ठेवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बुधरी त्याच्यामागून बाहेर पडली. जाताना चंदाच्या हातातली पुरचुंडी तिला दिसली. गाठ अजून सुटलेली नव्हती.

गावी येऊन तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मंगलीनं विचारलं तर "काम सुटलं" म्हणाली. ठेकेदाराच्या भट्टीवर गेली, गवत कापलं, जाळ घातला. भट्टीचा वास आला की ती तोंड फिरवून घ्यायची. ज्या वासानं बाराही खाटांची माणसं झोपवली, तो तिला एकटीला जागं ठेवू लागला. कधी वाटे, फूल येईल, पाया पडेल, डॉक्टरांना खरं सांगून मोकळी होईल. मनाचं असं असतं, पुरलेल्यालाही पाणी घालत बसतं. हिवाळा गेला. कुणी आलं नाही.

चैतात मोहफुलं पडायला लागली तेव्हा चंदा आली. सकाळचं ऊन होतं, बुधरी आणि मंगली झाडाखाली फुलं वेचत होत्या. पायवाटेनं पांढरं लुगडं येताना दिसलं. इस्त्री मोडलेली, चपला धुळीनं भरलेल्या.

"फूल!" चंदानं दुरूनच हाक मारली, आणि जवळ येऊन मोहफुलांतच बसली. श्वास लागला होता. "माह्या मायचं पोट कापलं परवा. रुखमाबाई, तुले ठाऊक आहे ना. तिनं तुले लाडू धाडले होते. सारखी ओकून राह्यली वो. एक टाका तुटला. डॉक्टर आज मले म्हणाले, ती गोंडाची बाई पायजे होती. चाल ना फूल. मी त्याईले खरं सांगीन सगळं. आजच सांगीन."

बुधरीनं टोपली खाली ठेवली. पाच महिने ती या बोलण्याची वाट बघत होती. आता ते आलं, आणि आत काहीच हललं नाही. म्हातारीचं मात्र वाईट वाटलं. रुखमाबाईचे लाडू तिनं खाल्ले होते.

ती झोपडीत गेली आणि नवी बाटली घेऊन आली. लाखेचं बूच अंगठ्यानं दाबून पाहिलं. दुसऱ्या हातानं पाण्याचा तांब्या आणला, आणि अंगणातली बाज ओढून सावलीत केली.

"खाली नोका बसू. इथी बसा, चंदाबाई. पाणी घ्या."

चंदा उठता उठता थांबली. तिच्या तोंडाचा रंग उतरला. "नाव नोको घेऊ वो माह्यं," ती हळूच म्हणाली. "फूल म्हण. एकडाव म्हण."

"तेल कापडाले," बुधरी म्हणाली. "दोनच थेंब. पाणी कपाळाले. जखमेले काईच नाई. तुमच्या मायले आराम पडीन."

"तू येत नाई?"

"मी कशी येऊ? मले तं तुमीच लोटून आल्या मातीत."

चंदानं बाटली घेतली. पाण्याला हात लावला नाही. दोन पावलं गेली, वळली, रडत "फूल" म्हणाली, पुन्हा एकदा म्हणाली. बुधरी टोपलीत फुलं टाकत होती. मग म्हातारीची आठवण झाली असेल, चंदा पदरानं तोंड पुसत घाटाच्या वाटेला लागली.

पांढरं लुगडं झाडांआड गेल्यावर मंगलीनं कमरेवर हात ठेवला. तांदळाची टोपली धरून मधे उभी राहिलेली मंगली. तिनं बुधरीच्या तोंडाकडं बघत विचारलं, "कोण होती वो ते?"

"दवाखान्यातली नर्सबाई," बुधरी म्हणाली. "चंदा नाव तिचं."

मंगलीनं कमरेवरचा हात काढला. खाली वाकली, मोहफुलं बाजूला सारून चिमूटभर माती उचलली आणि बुधरीच्या हातात दिली. बुधरीनं ती वाटेच्या दिशेनं टाकली, हात झटकले आणि पुन्हा वेचायला बसली.